वाकडी धावपट्टी

ताई : आधी एवढं सांग, कमरेला पट्टा बांधून बसायचं का मी?

सुतार : ताई, चेष्टा नको. तुला साक्षीदार म्हणून बोलावलंय.

ताई : त्या खुर्चीवर कापड ताणत होते मी. अर्धं ताणलं, अर्धं लोंबतंय. मी कामाला लागले की नेमकं तुझं विमान निघतं.

सुतार : पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीचं उत्तर आलंय. म्हणतात, धावपट्टी वाकडी दिसते अशी तक्रार जगात दुसऱ्या कुणाचीच नाही. फोटो पाठवा, नाहीतर तक्रार बंद करतो. आता मी विमान उतरवू की फोटो काढू? माझे दोन्ही हात गुंतलेले असतात.

ताई : जगात तू एकटा. शाळेतही सगळ्या वर्गाचं उत्तर एक आणि तुझं भलतंच असायचं.

सुतार : एकदा माझंच बरोबर निघालं होतं.

ताई : हो, एकदा. त्यावर आजवर निभावलंस. बरं, हा संगणकावरचा खेळ सुरू कुठून होतो?

सुतार : खेळ नाही. सिम्युलेटर. खऱ्या विमानात असतं ते सगळं आहे यात.

ताई : खऱ्या विमानाला लाकडी दांडा असतो?

सुतार : दांडा मी केलाय. बाजारातला प्लॅस्टिकचा होता तो दोन महिन्यांत मोडला. हा मोडून दाखव.

ताई : आणि पायाखाली?

सुतार : पेडल आहेत ती.

ताई : माझ्या कपाटासाठी आणलेल्या फळ्या आहेत त्या. माझ्या कपाटाला अजून तळ नाही, पण कॅप्टनच्या पायाखाली फळी आहे. सख्ख्या बहिणीबरोबर एका छपराखाली कारखाना चालवायचा आणि तिचंच कपाट अर्धवट ठेवायचं.

सुतार : करतो म्हटलं ना. तू आधी हे बघ. नवीन आवृत्ती आली आणि या लोकांनी सगळ्याचं वाटोळं केलं. समुद्राकडे गेलो तर जहाज हवेत लटकलेलं. एका गावात पूल नदीच्या तळाशी. परवा विमान जागचं हललंही नव्हतं आणि आतली बाई सांगते, आपण सुखरूप पोहोचलो आहोत.

ताई : बरंच झालं की. जायला नको, यायला नको.

सुतार : हसू नको गं. दोन वर्षं वाट बघत होतो या आवृत्तीची. संध्याकाळी मशीन बंद केली, अंगावरचा भुसा झटकला की तासभर उडायचं, एवढा एकच नाद आहे मला. त्यातही यांनी माती कालवली.

ताई : मग सोडून दे. दोनदा म्हणालास, आता याचं तोंड बघणार नाही. आणि दोन्ही वेळा जेवायच्या आत पुन्हा त्याच्यासमोर.

सुतार : जहाज मी सहन केलं. पूलही सहन केला. पण विमान उतरवायला घेतलं की धावपट्टीच मधोमध वाकते. ओली फळी उन्हात टाकल्यावर कशी पीळ खाते, तशी. वर असताना सगळं ठीक, ऐन उतरायच्या वेळी हे. सहा महिन्यांत एकदाही धड उतरलेलो नाही. कधी गवतात, कधी कुंपणात.

ताई : आणि प्रवासी?

सुतार : ताई.

ताई : नुसतं विचारतेय. त्यांच्या घरचे काळजीत असतील.

सुतार : आज फोटो गेला नाही तर हे सगळं उचलून भंगारात देणार आहे मी. या वेळी खरंच देणार.

ताई : दे तो फोन इकडे. चल, उतरव तुझं विमान.

सुतार : हे बघ, आलो ढगाखाली. दिसली?

ताई : दिसली. सरळ आहे की छान.

सुतार : इतक्या लांबून सरळच दिसते. नेम धरला की वाकते. थांब जरा. आता बघ. वाकली, बघ वाकली. काढ फोटो.

ताई : काढला.

सुतार : आणि गेलो गवतात. हे असं रोज. दाखव फोटो. हं, ही बघ, इथे मधेच पोट आलंय तिला.

ताई : कुठे?

सुतार : अगं, ही कडा बघ ना.

ताई : मला नाही दिसत.

सुतार : चष्मा पूस.

ताई : चष्मा मागच्याच महिन्यात नवा केलाय. दिवसभर शिवणीची रेघ बघते मी, सुताइतकी हलली तरी कळतं मला. ही रेघ सरळ आहे रे.

सुतार : मग फोनच तुझा भिकार आहे.

ताई : असेल. पुन्हा एकदा उतरव. या वेळी मी धावपट्टी बघत नाही, तुलाच बघते. वर्षानुवर्षं बोलतोस विमानाबद्दल, उडवताना कसा दिसतोस ते तरी बघू दे.

(विमान पुन्हा ढगाखाली येतं. तो मान जराशी तिरकी करतो आणि उजवा डोळा मिटतो, फळीची कड तपासताना मिटतो तसाच. ताईच्या चेहऱ्यावरचं हसू जातं.)

ताई : थांबव.

सुतार : आत्ता? नेम लागलाय माझा.

ताई : हवेत थांबवता येतं ना? थांबव म्हटलं.

सुतार : थांबवलं. काय झालं?

ताई : डोळा का मिटलास?

सुतार : मिटला? असेल. फळी बघताना नाही का मिटत? सरळ रेघ समोर आली की आपोआप मिटतो. धंद्याची सवय आहे ती.

ताई : आणि नेहमी उजवाच.

सुतार : मी डावखुरा. नेम डाव्या डोळ्यानेच धरणार.

ताई : आता उजवा उघडा ठेव आणि डावा मिट.

सुतार : तसं मिटता येत नाही मला.

ताई : मग हाताने झाक.

सुतार : तू जा बघू. कापड लोंबतंय तुझं तिकडे.

ताई : कापड कुठे पळून जात नाही. झाक.

सुतार : तुला यातलं कळत नाही ताई. ही त्या कंपनीची चूक आहे, त्यांनी नवीन आवृत्तीत काहीतरी...

ताई : मागच्या महिन्यात लाकूडवाल्याच्या सगळ्या फळ्या परत पाठवल्यास. वाकड्या आहेत म्हणून. बिचारा दारात उभा राहून शपथा घेत होता आणि मी तुझी बाजू घेऊन त्याला नाही नाही ते बोलले. वाकड्या होत्या का रे त्या?

सुतार : मला दिसल्या वाकड्या.

ताई : आणि त्या पलंगाची बाजू? दोनदा रंधा मारलास तिच्यावर. तिसऱ्यांदा मी हात धरला. म्हटलं, आता काय पलंगाची फूटपट्टी करतोस?

सुतार : हसलो होतो आपण तेव्हा.

ताई : मी हसले होते. तू नव्हतास हसला. आत्ता आठवतंय मला. तुला माहीत होतं?

सुतार : माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं. फरक आहे त्यात.

ताई : फारसा नाही.

सुतार : कितीदा तरी हात वर गेला माझा, दुसरा डोळा झाकून बघावं म्हणून. मग वाटायचं, राहू दे. जहाज लटकतंय, पूल बुडालाय, मग धावपट्टीही त्यांनीच वाकडी केली असेल. इतक्या चुका करणाऱ्यांनी आणखी एक केली तर काय नवल? संध्याकाळी त्यांना एक तक्रार लिहायची, मनातल्या मनात चार शिव्या घालायच्या, की झोप लागायची.

ताई : आणि मी आपली कॅप्टन, कॅप्टन करून तुला चिडवत बसले.

सुतार : ते बरं वाटायचं गं. तू चिडवत होतीस तोवर ते सगळं खेळातलं होतं.

ताई : खेळ म्हणालास आता.

सुतार : म्हणालो खरा.

ताई : भीती वाटते ना?

सुतार : वाटते. डॉक्टर म्हणाले, आता करवतीपुढे उभं राहू नका, तर? मला दुसरं येतं काय? आणि मी खुर्च्या केल्या नाहीत तर तू गाद्या कशावर बसवणार?

ताई : मलाही भीती वाटतेय. तुझ्याकडे शिव्या घालायला कंपनी तरी होती. डॉक्टर काय म्हणतील ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. पण जे कंपनीला इतके दिवस सांगत होतास ते एकदा मला सांगायचं होतंस.

सुतार : रागावू नको.

ताई : रागावत नाही. झाक डोळा. मी शेजारीच बसलेय.

सुतार : आधी विमान चालू करू दे. हवेत टांगून ठेवलंय बिचाऱ्यांना.

ताई : झाली का एकदाची प्रवाशांची आठवण?

सुतार : एक हात डोळ्यावर, एक दांड्यावर. असं नाही जमायचं.

ताई : सोड तो हात. मी झाकते. तू दोन्ही हातांनी उडव.

सुतार : गोंदाचा वास येतोय तुझ्या हाताला.

ताई : पुढे बघ.

सुतार : बघतोय.

ताई : मग? बोल ना काहीतरी.

सुतार : उतरलं.

ताई : गवतात?

सुतार : नाही. मधल्या पांढऱ्या रेघेवर.

ताई : सरळ होती?

सुतार : सरळ होती. शेवटपर्यंत. त्यांची काही चूक नव्हती ताई. तसं कळवतो त्यांना. लाकूडवाल्याकडेही जायला हवं.

ताई : त्याच्याकडे आपण दोघं जाऊ. बोलले मीही होते.

सुतार : रोज म्हणायचो मी, एकदा तरी ही सरळ दिसू दे. आणि आत्ता खाली येताना सगळा वेळ मनात म्हणत होतो, वाकडी दिसू दे.

ताई : मीही तेच म्हणत होते. ऊठ, चप्पल घाल. डोळ्यांचा दवाखाना उघडा असेल अजून. चालतच जाऊ, मी तुझ्या डावीकडून चालते.