सगळ्यात आधी हात माझाच वर

...आणि मी ओरडत नव्हतो, तुम्हाला सांगतो, बोलत होतो! प्रेस शॉपमध्ये बावीस वर्षं काढलेला माणूस असाच बोलतो. तिथं दर सहा सेकंदाला धाडकन पत्रा दाबला जातो, पलीकडच्या नवनाथला 'चहा आला' सांगायचं तर काय कानात गुणगुणायचं? पण आमची स्वरूपा म्हणते, "पप्पा, तुम्ही सतत चिडलेले असता." झालं काय होतं, तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू चालला होता, आणि मी आतून फक्त विचारलं, साखर कुठाय. बास. समोरच्या साहेबानं म्हणे तिलाच विचारलं, "घरी काही प्रॉब्लेम आहे का?" नोकरी हुकली, आणि पोरगी माझ्याशी बोलायचीच बंद झाली. पंधरा दिवस! एकुलती एक लेक, ताट पुढं सरकवते पण 'पप्पा' म्हणत नाही... घास उतरतो का सांगा.

सोळाव्या दिवशी दुर्गानं, म्हणजे आमच्या हिनं, निरोप आणला. पोरीबरोबर पिंपरीला साउंड बाथला जायचं, शेवटपर्यंत शांत पडून राहायचं, तर ती बोलणार. आता हे काय, तर चटईवर उताणं पडायचं, एक मॅडम काशाच्या वाट्या वाजवणार आणि आपला राग उतरणार. आवाजानं उतरणार! अहो, कुरुळीहून रोज शिफ्टला जाऊन मी बावीस वर्षं आवाजातच आंघोळ करतोय, अजून काय उतरायचं राहिलंय? पण मी ठरवलं होतं, शांत व्हायचं म्हणजे व्हायचंच.

गेलो. मैत्री मॅडम म्हणाल्या, "श्वास आत... हळूच सोडा... खांदे सैल..." प्रेसवर खांदे सैल सोडले तर हात जायचा, पण सोडले. मग म्हणाल्या, "मी वाटी वाजवेन. नाद पूर्ण विरला, आत शांतता पसरली, की हात वर करा." मनात म्हटलं, हे जमण्यासारखंय, टार्गेट दिलंय बाईंनी.

पहिली वाटी मोठी होती. टण्ण केलं, थोडा वेळ घुमली, विरली, हात वर. डोळा किलकिला करून पाहिलं तर हॉलमध्ये एकटा माझाच हात. शेजारी रंगराव म्हणून एक रिटायर्ड गृहस्थ, दीड वर्षं दर रविवारी येतात, पांढरा झब्बा, गळ्यात माळ... तेसुद्धा मागं! दुसरी वाटी, परत मी पहिला. रंगरावांना शांत व्हायला वेळ लागतो, मी पहिल्या दिवशी होतोय, काय समजलात? मी ठरवलं होतं ना, शांत व्हायचं म्हणजे व्हायचंच.

तिसऱ्या वेळी तर मॅडमनी अजून सुरूही केलं नव्हतं, आणि माझ्या आत नुसती शांतता. हात वर! म्हटलं, आता पोरगी बघेल, बाप किती शांत आहे.

बघत होती की. उठून बसली होती, डोळ्यांत पाणी. माझ्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "पप्पा... ती वाटी वाजतेय. अजून वाजतेय."

मी म्हटलं, "कुठली वाटी?" तर सगळा हॉल दचकून उठला, रंगरावांची माळ तुटली.

स्वरूपा माझा हात धरून रडायला लागली. "तुम्ही चिडत नव्हता, पप्पा. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं." मला वाटीचं काय घेणं, राव? सोळा दिवसांनी 'पप्पा' ऐकलं होतं, तेही दोनदा. तिथंच मलाही रडू आलं.

मग कानाची तपासणी. डॉक्टरनं विचारलं, "कंपनी इअरप्लग देते ना?" देते की. माझे स्कूटरच्या किल्लीला अडकवलेत, छान नारिंगी आहेत, किल्ली पटकन सापडते.

आता प्लग कानात घालतो, अगदी न चुकता. शिफ्ट सुटली की ते काढून ऐकायचं मशीन लावतो. हळू बोलतो. पोरगी खूश, परवा तिला दुसरी नोकरीपण लागली.

फक्त एक आहे. इतकी वर्षं मी समजत होतो, आमची दुर्गा स्वैपाक करताना ओव्या म्हणते. मशीन लावलं त्याच संध्याकाळी कळलं, ती काय म्हणते. सगळं माझ्यावरच आहे हो, माझ्या आईपासून सुरू होतं! खरी शांतता ती आधीचीच होती, राव... पण ठरवलंय, ऐकायचं म्हणजे ऐकायचंच.