पाय ठेवायला जागा

पंक्चर निघेपर्यंत ती बाळाला खांद्यावर घेऊन मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात थांबली होती. काउंटरपाशी साठीचं एक जोडपं गाडीला दोन्ही बाजूंनी लावायच्या पेट्या बघत होतं.

“मोठ्या लावल्या, तर मागं बसणाऱ्याचे पाय अवघडतात, काका,” दुकानदार म्हणाला.

“मोठ्याच दाखवा.”

“अहो, मग मी पाय कुठं ठेवू?”

“तुला झेपणारे का आता एवढा प्रवास?”

“दोघांनी जायचं म्हणूनच गाडी घेतली ना? डॉक्टर म्हणाले, वर्षभरात हिंडायला-फिरायला लागाल.”

“वर्षभर कोण थांबतंय! मोठ्याच द्या हो.”

बाळ कुरकुरलं, तरी थोपटणारा तिचा हात थांबलेलाच राहिला.

“झाकणातून पाणी आत जात नाही ना, तेवढं बघून घ्या,” बाई म्हणाल्या. “ओले कपडे तसेच अंगात घालता तुम्ही.”