तीन सिलिंडरची गाडी

इंजिनची तारीफ कोणापुढंही करा, पण माह्या मावशीपुढं करू नका. माह्याच साक्षगंधाले, म्हणजे साखरपुड्याले, खुर्सीपारहून मोहन नगरले गाडी घेऊन चाललो होतो. मागं मावशी, मांडीवर पेढ्याचा डबा.

मी फुशारकीनं म्हणलं, "मावशी, पेट्रोलचं इंजिन लहान हाय, पण तीन सिलिंडर हायेत. कधीच धोका देत नाही."

"तीन?" मावशी चमकली. "आमाले तर गॅसवाला दोनच देते!"

मी हसलो न् सोडून दिलं. पुलावर चढता चढता गाडी आचके देऊन बंद! पाहतो तर पेट्रोल खतम. मागून हॉर्नवर हॉर्न, तिकडं पाहुणे वाट पाहून राहिले, मले घाम फुटला.

मावशी शांतपणे म्हणते, "घाबरतं कावून? एक संपला असंल. दुसरा लाव नं!"