गोदामातली भिंत

काय सांगू तुमाला, जन्म माझा केजकडचा, पर हाडं झिजली ती परळीत, रुईच्या कारखान्यात. निजामाचं राज्य व्हतं तवा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत सरकी काढायचं काम, नाकातोंडात रुई, आणि पावसाळ्यात समदं ठप्प. गोदाम मोकळं, आमी हमालबी मोकळे. भाईर काळी माती, पाऊल टाकलं की दोन शेर चिखल पायाला, मग खेळायचं कुटं? गोदामात.

खेळ आनला रहीम मिस्त्रीनं. यंत्र दुरुस्त करायला हैदराबादेहून आलता, तो इथलाच झाला. तिकडं गोऱ्या पलटनीचा फुटबॉल बघितलता म्हने त्यानं. जुन्या मोटेचं चामडं शिवून घेतलं, आत गच्च रुई भरली, झाला चेंडू. तो काय उसळतोय! खाली पडला की ढेकळावानी बसायचा, भिंतीवर जोरात हानला तरच परत यायचा. आमी आठ जन, चार इकडं, चार तिकडं. जागा एवढीशी, चेंडू आला की दोघं अंगावर, वर आढ्याला लागला की डाव गेला. मग काय, चेंडू पायाशीच ठेवायचा आणि यायच्या आधीच ठरवायचं, द्यायचा कुनाला. मिस्त्री वराडायचा, आसमान कू क्या दिखाता बे, पाँव में रख. पावसाळा सरला तवा माझा पाय डोळं मिटून चेंडू धरत व्हता, खोटं न्हाई सांगत. आणि भिंत म्हंजे आमचा जास्तीचा गडी. कोनी आडवा आला की चेंडू भिंतीवर मारायचा, आपुन बगलेतून पळायचं, चेंडू परत पायात. ह्यात माझा कोनी हात धरत नव्हतं.

पर कारखान्याच्या मुनीमजीला खुपायचं. मालाच्या जागेत धिंगाना कशाला, म्हनायचे. शेवटी म्हनले, कचेरीतल्या साहेबलोकांना मैदानात हरवा, मग खुशाल खेळा, न्हाई तर गोदामाला कुलूप. आमाला लई लागलं ते. तेवढंच तर सुख व्हतं आमचं.

मैदान वाळल्यावर सामना ठरला. अकरा करायला तीन गडी बाजारातून वढून आनले. साहेबलोकांच्या पायात बूट, आमी अनवानी. आता माझी अक्कल बघा. समोर आला एक जाडा साहेब, मी सवयीनं चेंडू उजवीकडं मारला आणि पळालो पुढं, वळून बघतो तर चेंडू परत येतोय कुटला! तिकडं भिंतच न्हाई, बैलगाड्या उभ्या. चेंडू गेला बैलाच्या पायात. लोकं हसले. आणि मी तेच पुन्हा केलं, पुन्हा केलं, तीनदा. तेवढ्यात त्यांचा गोल झाला. शरमेनं मान वर व्हईना माझी.

मधल्या सुट्टीत लिंबाजी आला. लिंबाजी माझा जोडीदार, एका बोजाला आमी दोघं खांदा द्यायचो, आणि आमच्यात गोल मारायचा तो त्यानंच. मला वाटलं शिव्या देतोय. तर म्हनला, तुला भिंत लागते ना बे? मग मी हाय. तू मार, मी कडंला उभा ऱ्हातो.

आणि उभा ऱ्हायला की हो! गोल मारायचा सोडून, बैलगाड्यांच्या कडंकडंनं माझ्याबरुबर सरकत ऱ्हायला. मी मारला की चेंडू परत पायात, मारला की परत पायात. दोन गोल झाले, दोन्ही माझे. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, लिंबाजी धुळीचे पाय पुसत हसत व्हता.

कुलूप लागलं न्हाई. पुढं राज्य गेलं, कारखाना गेला, गोदामाचे पत्रे लोकांनी नेले. लिंबाजीबी गेला दोन वर्सामागं. त्याला मी कधी इचारलं न्हाई, बाबा, गोल सोडताना तुला वाईट वाटलं का. इचाराया पायजे व्हतं. ऱ्हाऊनच गेलं.

आता नातवंडं गल्लीत चेंडू मारत्यात, मी वट्ट्यावरनं बघतो. त्यांना सांगतो आणि तुमालाबी सांगतो, पाय सरावानं तयार व्हतोच, पर देव तुमाला एक लिंबाजी देवो.