कूलरसमोरचा डबा

हसू नका वं, मले खरंच सवत आली होती, अन् तीही प्लॅस्टिकच्या डब्यात!

आमचे हे रामदासपेठेतल्या ऑफिसात कम्प्युटर सांभाळायचे. तो बंद पडलाच तर आतलं सगळं जसंच्या तसं परत भरता यावं, म्हणून दर शनिवारी त्याची नक्कल फ्लॉप्यांवर उतरवून डबा घरी आणायचे. बॅकअप म्हणत त्याले. अन् भर मे महिन्यात घरातल्या एकुलत्या एका कूलरसमोर कोण? तो डबा!

"हा काहून इथं?" मी विचारलं.

"गरमीनं फ्लॉप्या खराब होतात."

"अन् मी?"

"तू कुठं खराब होऊन राहिली वं?"

झालं! सोमवारी हे ऑफिसले जाताच मी डबा उचलला, गव्हाच्या कोठीत कडुनिंबाच्या पाल्याखाली पुरला, अन् कूलरसमोर मस्त ताणून दिली.

दुपारी हे धापा टाकत दारात. "कम्प्युटर बंद पडला! डबा कुठं आहे?"

मी कोठीत कोपरापर्यंत हात घातला, तर यांच्या तोंडचं पाणीच पळालं. डब्यावरचे गहू झटकत तसेच पळाले.

संध्याकाळी मात्र हसत आले. "सगळं परत आलं! साहेब एकदम खुश. म्हणे, इतकं जपून ठेवलं कोणी? मी तुझं नाव सांगितलं."

मी पदर सावरला. "मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आता वहिनींकडे एक नाही, दोन डबे ठेवत जा."

सांगा आता! एकीले जपलं, त्याचं बक्षीस काय, तर दुसरी सवत!