डब्यातली सरकी

कोनतं, ते डब्यातलं? त्याला हात लावू नका ताई – बसा, बसा, तुमच्या गाद्या तयार हायत, उशी तेवढी राहिलीय, चार टाके घातले की झालं. व्हय, कपाशीचंच झाड हाय. तेलाच्या डब्यात कपाशी कोन लावतं? आमच्या मालकांनी लावली. चार बोंडं आलीत. अख्खं तिसगाव बघून जातं – चांदभाई पिंजाऱ्याच्या जहिराच्या छातीतनं झाड उगवलं म्हनून. हसू नका. म्हंजे हसा, सगळेच हसतात.

तुमाला ठावं न्हाई? दोन वर्सांमागं माझी डावी बाजू काढली नव्हं का – कॅन्सर. नगरला. सुटी देताना तिथल्या सिस्टरनं शिकवलं, महिन्याची कोनतीबी एक तारीख धरा, मधल्या तीन बोटांनी गोल गोल दाबत बघायचं, आधी हलकं, मग जरा जोरात, मग खोल, काखेपत्तूर – म्हटलं बाई, हे मला काय शिकवती? तीस वर्सं गाद्यांवर असाच हात फिरवतेय, गुठळी लागली की उसवायचं. तर मी पाच तारीख धरली. मग वाटलं, पाचला नसंल आन् सहाला आली तर? सहाला बघितलं. मग रोजच. मग चहा ठेवला की एकदा, उतरवला की एकदा. कनीक मळताना गुठळी लागली, पीठ टाकून दिलं. येष्टीत सीट दाबून बघितली, शेजारचा म्हातारा उठून उभाच राहिला. येडी म्हना. पन भीती अशी बसलीय ना ताई – जेवाय बसलं की माझ्या आधी ती घास घेती.

आता डावीकडं मोकळं दिसू नये म्हनून मी कापडाची पिशवी शिवली, आमच्याच कापसानं भरली, रोज आत घालते. आन् यंदा जूनमदी, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, मी कापसाच्या ढिगाआड जाऊन पोलक्यावरनंच घाईघाईत बघितलं – तर लागली. वाटाण्याएवढी. कडक. मी तिथंच खाली बसले. कोनती बाजू? डावी. जी न्हाईच, ती. पन घाबरल्यावर कुनाच्या ध्यानात ऱ्हातं? मालकांनी कुनाच्या तरी लग्नाच्या गाद्या भरलेला टेम्पो तसाच नगरला पळवला, मी वर गाद्यांवर आडवी, वाटंत लोक टोप्या काढायला लागले, करंजीत तर एकानं फुलं टाकली. मी उठून बसले तर तोच पडला. डॉक्टरनं बघितलं. पिशवी काढली, कात्रीनं उसवली, आन् आतनं निघाली एक सरकी – कपाशीची बी, पिंजायच्या मशिनमधनं सुटलेली. त्यानं ती बाटलीत घातली, वर माझं नाव लिवलं, वय लिवलं, मालकांच्या हातात दिली. मालक हसले, हसता हसता रडले, घरी येऊन बी डब्यात लावली. तवापासनं माझा हात छातीकडं गेला रं गेला की मशिनमागनं आवाज येतो – “सरकी असंल गं.”

आन् ही तुमची उशी. आठ दिस तुमी खेटे घालताय, मी मशिन बिघडलं म्हनतेय. मशिनला काय धाड भरलीय? खोटं बोलले. तुमची उशी मी तीनदा उसवली. गाद्याबी. सगळा कापूस चिवडला. का? तर पाच तारखेला पिशवी काढून ठेवली हुती, पोलकंबी. सिस्टरनं सांगितलं तसं उताणं पडून, खांद्याखाली उशी घेऊन – हीच उशी घेतली, नवी हुती – निवांत बघितलं. उजवीकडं लागली. जी हाय, ती.

म्हटलं उशीतलीच सरकी असंल, खालनं टोचत असंल. उसवली, न्हाई सापडली. परत भरली, परत बघितलं, तिथल्या तिथंच. मालकांना कसं सांगू? ते झाडाकडं बोट दावतील, हसतील – आन् मग माझं तोंड बघतील. दोन वर्सांनी हसाय लागलाय तो मानूस. मला लई भ्या वाटतंय ताई. हात नका धरू, टाका चुकंल.

हां, आला टेम्पो. तुमच्या पंकजाच्या सासरी, नगरलाच पोचवायच्यात ना गाद्या? तुमी नका बोलू मालकांशी. मीच सांगते. करंजीपत्तूर सांगते – न्हाई जमलं तर पुढं घाटात. या बारीला पुढं बसून जाते, आडवी न्हाई पडायची. उशी काय आज मिळायची न्हाई. ती मी मांडीवर घेऊन जाते, डॉक्टरला दावाय, सगळी बघितली म्हनून, ह्यात सरकी न्हाई म्हनून. तेवढं मी येईस्तोवर डब्याला पानी घालत जावा. सरका आता, चढू द्या मला.