चार इस्पिकांनंतर अप्पा थांबले तेव्हा

नीलाकाकू, गुरुजी, डॉक्टरसाहेब, बाजारपेठेतली व्यापारी मंडळी, आन् माझ्या स्टँडवरच्या भावांनो,

मी केजच्या बसस्टँडवरचा कंट्रोलर. दिवसभर माइकवर बोंबलणारा माणूस. बीड गाडी लागली, अंबाजोगाई गाडी सुटणार. आज माइक हातात हाय आन् सांगायचं हे हाय. आपले अप्पा गेले, लिंगैक्य झाले. एवढं एक वाक्य सकाळपासून म्हणून बघतोय, मधीच सोडून परत पहिल्यापासून धरतोय.

परवा अप्पांच्या घरी भेटायला गेलो तर काकूनं एकच विचारलं. "तू तर समोरच बसला होतास. तुला दिसलं न्हाई का रे?"

काकू, तवा मी तसाच उठून आलो. आज तरी उत्तर हाय का, मला ठावं न्हाई. पण चार माणसांत सांगून बघतो.

अप्पांचं कापडाचं दुकान सगळ्यांनाच म्हाईत. बाजार बंद असायचा त्या दिवशी वरच्या माडीवर आमी ब्रिज खेळायचो. पत्त्यांचा खेळ. अप्पा आन् मी पार्टनर, समोरासमोर. गुरुजी आन् हे आपले दातांचे डॉक्टर, दुसरी जोडी. लोकं म्हणायची, माडीवर जुगार चालतो. अहो कसला जुगार! हरणाऱ्यानं कपबशा विसळायच्या, एवढीच शिक्षा. डॉक्टरांनी दातांपेक्षा कपबशाच जास्ती धुतल्यात, विचारा त्यांना.

ह्या खेळात पानं टाकायच्या आधी बोली लागते. किती हात करणार, कोणता रंग हुकूम, हे एकेक पायरी चढत बोलायचं. त्या बोलण्यातून समोरच्या पार्टनरकडं काय हाय ते कळत जातं. पण एखादा गडी पहिल्याच फटक्याला उडी मारतो. "चार इस्पिक!" झालं. खालच्या सगळ्या पायऱ्या गेल्या. त्याच्याकडं फार काही नसतंय, नुसती इस्पिकाची रांग असती. पण तुमाला बोलायला जागा ठेवत न्हाई. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरत्यात ना, तस्संच.

मग काय करायचं? डबल, म्हणजे तुला जमायचं न्हाई, असं म्हणून त्याला अडवायचं? आपला रंग पाचावर न्यायचा? का पास म्हणून गप बसायचं? ह्यावर मी अप्पांशी लई भांडलोय. मी म्हणायचो, अप्पा, काहीच कळत नसताना ठरवायचं कसं? अप्पा हसायचे. "सगळं कळल्यावर तर कुणीबी ठरवतंय, बे. रागानं बोलू नको, भिऊन गप बसू नको. आपला हात बघ आन् बोल." समोर रेडिमेडचं झगमगीत दुकान उघडलं, तवा मीच घाबरलो. अप्पा कापड मोजता मोजता म्हणाले, "ही चार इस्पिकाची बोली हाय. त्याच्या हातात काय हाय ते खेळल्यावर कळंल."

आन् एक नियम. अशी उडी आली, की पुढच्यानं लगेच बोलायचं न्हाई. हातात हिरे असू द्या, कचरा असू द्या, मनात दहा मोजायचे आन् मगच बोलायचं. कावून? तर त्याच्या थांबण्यावरून पार्टनरला काही कळू नये म्हणून. आन् पार्टनरनं? पार्टनरनं त्याच्या तोंडाकडं बघायचंच न्हाई. एकदा मी बघितलं, तर अप्पांनी डाव मोडला. "तोंड बघून बोललास. ही चोरी हाय." तवापासून डाव चालू असताना माझी मान खाली ती खालीच.

त्या दिवशी डॉक्टर बोलले, चार इस्पिक. पुढची पाळी अप्पांची.

अप्पा थांबले. मी मनात मोजायला लागलो, सवयच ती. दहा कधीच होऊन गेले. अप्पा थांबलेलेच. माझ्या हातात बदामाची रांग. मनात म्हणलं, अप्पांकडं काहीतरी हाय, उगं एवढा विचार न्हाई करायचे. मग दुसरं मन म्हणलं, त्यांच्या थांबण्यावर बोललास तर चोरी. मी पत्त्यांत तोंड घालून बसलो. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "पास." साधा आवाज, रोजच्यासारखा. गुरुजी पास. पाच बदाम अगदी व्हटावर आले होते, ते गिळले आन् मी बी पास म्हणलो. आपण नियम पाळला म्हणून, काय सांगू, मला मनातनं बरंच वाटलं.

पहिलं पान अप्पांनी टाकायचं होतं. पान येईना.

"अप्पा, टाका की पान," गुरुजी म्हणाले. तवा मी मान वर केली. अप्पा लोडाला टेकलेले, कपाळ घामानं निथळतंय, आन् पत्ते छातीशी घट्ट धरलेले. तरी एक क्षण मला वाटलं, पत्ते झाकतायत! मग जीप काढली. अंबाजोगाईच्या दवाखान्याच्या वाटेवरच अप्पा गेले.

दुसऱ्या दिवशी माडीवर गेलो. अप्पांची पानं गादीवर तशीच पडलेली. उलटून बघितली. काकू, एक राजा न्हाई, एक राणी न्हाई. नुसता कचरा! असल्या हाताला विचार कशाचा करायचा? शेंबडं पोरगं बी पास म्हणंल. म्हणजे अप्पा विचार करत न्हवते. ती छातीतली कळ होती. आन् त्या कळेतबी त्यांनी आवाज सरळ ठेवला, आपल्या आवाजावरून पार्टनरला काही कळू नये म्हणून.

आता मला सांगा मंडळी, ह्याला काय म्हणावं? मोठेपणा म्हणावं का येडेपणा? मी बघितलं असतं, तर अप्पा माझ्यावरच खेकसले असते. आन् न्हाई बघितलं, तर हे असं. डॉक्टर म्हणत्यात, काही फरक पडला नसता. ते दातांचे डॉक्टर हायेत, पण माझ्यासाठी म्हणत्यात, हे कळतंय मला. अप्पा, तुमी सगळ्या बोलींना उत्तर शिकवलंत. ह्याला काय बोलायचं ते सांगितलंच न्हाई.

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच हाय. मी समोर बसलो होतो, आन् मला दिसलं न्हाई, कारण मी बघितलंच न्हाई. नियम अप्पांचाच होता. पण आता तो नियम माझ्याच्यानं पाळवणार न्हाई. माडीवर पुन्हा पत्ते पिसले, आन् समोरचा दहाच्या पुढं थांबला, तर मी पत्ते खाली ठेवणार आन् त्याच्या तोंडाकडं बघणार. डाव मोडला तर मोडला. कपबशा मी विसळीन.

आता आपण श्रद्धांजलीला उभं राहू. अशा वेळी आपण मान खाली घालतो, डोळे मिटतो. आज तसं करू नका. मान वर ठेवा आन् शेजारच्याच्या तोंडाकडं बघा. नीट बघा. गुरुजी, तुमी डॉक्टरांकडं बघा. काकू, मी तुमच्याकडं बघतोय.

अप्पा, शेवटचं शरणार्थ.